नडगीवरचे नऊ टाके

टाके घालत होते तेव्हा बाबांनी ते मोठ्याने मोजले. एक. दोन. तिसऱ्याला "स्स" केलं, कारण भुलीचं इंजेक्शन त्या कडेपर्यंत नीट पोचलं नव्हतं. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. "आजोबा, मोजता कशाला, डोळे मिटून पडा की," म्हणाल्या. बाबा म्हणाले, "तुमचं चालू द्या. पिच सारखं येतंय."

डॉक्टरांना ते क्रिकेटचं पिच वाटलं असणार. बाबा अडतीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर उभे राहिले. बोल्टवरच्या एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच, आणि ते शेवटपर्यंत सारखं असावं लागतं. नऊ टाके पडले. घरी येताना रिक्षात म्हणाले, "चौथा आणि पाचवा जरा लांब पडलेत. बाकी काम स्वच्छ." आकड्याच्या बाबतीत बाबा कधी वाढवून बोलत नाहीत. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच. शेजारचे काका मासळीच्या लांबीपासून पेन्शनच्या रकमेपर्यंत सगळं फुगवून सांगतात, त्यांच्याशी बाबांचं त्यावरूनच बिनसलेलं आहे.

घडलं ते आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. सकाळी सातला तलावपाळीची फेरी, मग कट्ट्यावर चहा, हा त्यांचा निवृत्तीपासूनचा शिरस्ता. रात्रभर पाऊस झालेला. फूटपाथवरून उतरताना पाय सटकला आणि कडेला लावलेल्या स्कूटरच्या लोखंडी गार्डावर नडगी आपटली. पडले नाहीत म्हणे. "पडलो नाही, टेकलो" हे त्यांचं आजतागायतचं म्हणणं. कट्ट्यावरच्या मित्रांनी दोन हातरुमाल बांधून रिक्षात घातलं. मी पोचले तेव्हा नर्सिंग होमच्या बाकावर बसून ते कुणालातरी स्टेनलेस स्टीलचे प्रकार समजावत होते आणि पायाखाली रक्ताचा बशीएवढा डाग होता.

नडगी ही जखमेला फार वाईट जागा. तिथे मांस नाही, कातड्याखाली लगेच हाड. रक्ताचा पुरवठा बेताचा, त्यात म्हातारपणी कातडं पतंगाच्या कागदासारखं होतं आणि पाय खाली सोडून बसलं की सूज येते. वर बाबांना बारीकशी साखर. डॉक्टरांनी हे सगळं एका दमात सांगितलं. चेहऱ्यावर टाके असते तर पाच दिवसांत काढले असते, डोक्यावर असते तर आठ-दहा दिवसांत, पण इथे चौदा दिवस. दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. बसताना पाय वर, निजताना पायाखाली उशी. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं? बाबांनी कारखान्यातल्या वर्षांचा हिशेब सुरू केला, तेव्हा त्यांनी हसून नवं टोचूनच टाकलं. जखम मळकी असेल आणि मधे पाच वर्षं गेली असतील तर घ्यावंच लागतं.

घरी आईने चष्मा लावून पट्टीच्या जागेकडे पाहिलं आणि विचारलं, "धावदोरा घातलाय की काय?"

आईने नौपाड्यातल्या आमच्या जुन्या चाळीत पंचवीस वर्षं ब्लाऊज शिवले. शिवण म्हटली की तिला राहवत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायच्या वेळी ती अगदी डोकं घालून बसली. नऊ टाके, नऊ गाठी, प्रत्येक टाका सुटा. "एवढ्या गाठी कशाला मारत बसायचं? एक सलग टीप मारली असती तर दोन मिनिटांचं काम." मग स्वतःच उत्तर दिलं, "हं. सलग दोरा एके ठिकाणी तुटला की सगळं उसवतं."

तिचं बरोबर होतं, आणि ते सहाव्या दिवशी कळायचं होतं. मी रात्री मोबाइलवर वाचत बसले, तर सुश्रुतसंहितेत टाक्यांचे चार प्रकार दिलेले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. ऋजुग्रंथी म्हणजे बाबांच्या पायावरचे हे सरळ सुटे टाके. तुन्न म्हणजे फाटलेलं, तेव्हा तुन्नसेवनी म्हणजे चक्क रफू. सुयासुद्धा जागेप्रमाणे: जिथे मांस कमी तिथे दोन अंगुळांची गोल सुई, मांसल जागी तीन अंगुळांची तिकोनी. आईला वाचून दाखवलं. "मग? जाड कापडाला वेगळी सुई लागतेच," ती म्हणाली. अडीच हजार वर्षांपूर्वी कुणालातरी हे सुचलं याचं तिला काडीचंही कौतुक वाटलं नाही.

तिला जास्त पटली ती लँगर नावाच्या व्हिएन्नातल्या शरीरशास्त्रज्ञाची गोष्ट. १८६१ मध्ये त्याने मृतदेहांच्या कातड्याला गोल टोच्याने भोकं पाडली, तर ती गोल राहिनात. ताणली जाऊन लांबट झाली, आणि ती सगळी लांबट भोकं अंगभर ठरावीक दिशांना वळलेली निघाली. म्हणजे कातड्यालाही ताण्याबाण्यासारखी दिशा असते. त्या दिशेने कापलं तर वण बारीक, आडवं कापलं तर रुंद. "उरेब, म्हणजे तिरकं कापलं की कापड ओढ घेतं," आई म्हणाली, "तसंच की. आणि तुझ्या बाबांचं उरेबच फाटलंय."

एवढं सगळं कळूनही पहिल्या आठवड्यात मला जड गेलं ते काही न करणं.

मी करती-सवरती बाई. घरात कुणी आजारी पडलं की मला पाणी उकळायला, चादरी बदलायला, वाफारे द्यायला बरं वाटतं. या जखमेला लागणारं काम दिवसाकाठी दहा मिनिटांचं. साबणाने हात धुवायचे, सलाईनच्या पाण्याने कडा हलकेच पुसायच्या, टिपून कोरडं करायचं, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर न चिकटणारी गॉज, कागदी चिकटपट्टी. झालं. उरलेला दिवस हात मागे घेऊन बसायचं. बाबांचीही तीच पंचाईत. त्यांच्या बोटांना पृष्ठभाग चाचपायची सवय. तिसऱ्या रात्री दोन वाजता दिवा दिसला म्हणून मी गेले, तर पलंगावर बसून पट्टी सोडलेली, डोळ्यांवर चष्मा, हातात विजेरी.

"बाबा, काय करताय?"

"इन्स्पेक्शन."

"डॉक्टरांनी उघडायला नाही सांगितलंय."

"अगं, बघितल्याशिवाय कळणार कसं, धरतंय की नाही ते?"

मला राग आला, पण खरं सांगायचं तर संध्याकाळी मीही एकदा कोपरा उचलून पाहिला होता. कडा फुगलेल्या, गरम. घाबरायचं की नाही? पहिले दोन-तीन दिवस हे असतंच. शरीर तिथे रक्त आणि पांढऱ्या पेशींची फौज पाठवतं, त्याची ती ऊब. उतरत गेली तर ठीक. तिसऱ्या दिवसानंतर वाढायला लागली, ठणका वाढला, पू किंवा वास आला, ताप चढला, तर मात्र पळायचं. आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांनी सांगितली ती कुठल्याच माहितीपत्रकात नव्हती. सगळीकडे लिहिलेलं असतं, जखमेभोवती लाली आली का पाहा. आपल्या सावळ्या कातड्यावर लाली दिसते कुठे? तिथे रंग जांभळट, नाहीतर नुसता गडद होतो. म्हणून हाताची मागची बाजू लावून बघा, दोन्ही पायांची तुलना करा. आईने माझ्या कपाळाला ताप बघायला हात लावायची ती हीच रीत.

पेट्रोलियम जेलीवरून मात्र घरात वाद झाला. बाबांच्या पिढीचं शास्त्र पक्कं: जखम उघडी ठेवायची, वारा लागू द्यायचा, खपली धरली की काम झालं. आणि औषध झोंबलं नाही तर ते औषध कसलं. कारखान्यात फोरमनच्या टेबलाखाली एक पेटी असायची, तिच्यात टिंक्चर आयोडीन आणि कापूस. बोट कापलं की टिंक्चर, एक सणसणीत शिवी, आणि परत मशीनवर. ओली ठेवायची म्हणजे सडवायची असंच त्यांना वाटत होतं.

या समजुतीला धक्का दिला जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने. त्याने डुकरांच्या पाठीवर छोट्या जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवं कातडं जवळपास दुप्पट वेगाने चढलं. कारण सोपं आहे. नव्या पेशी कडांवरून सरपटत मधोमध येतात. वर टणक खपली असली की त्यांना खालून वाट खणत जावं लागतं. आणि झोंबणारं, फेसाळणारं औषध जंतूंबरोबर या कोवळ्या पेशीही मारतं. हा प्रयोग छापून आला १९६२ मध्ये. एमआयडीसीही त्याच वर्षी जन्मली, १ ऑगस्टला, इथेच वागळे इस्टेटमध्ये. म्हणजे बाबा ज्या वसाहतीत पुढे टिंक्चर लावत राहिले, तिच्याइतकंच जुनं हे ज्ञान होतं, फक्त फोरमनच्या टेबलाखाली पोचलं नव्हतं.

बाबांना डुकरं पटली नाहीत. पटला तो तेलविहिरींचा किस्सा. अमेरिकेत पंपाच्या दांड्यांवर एक मेणचट साका जमायचा, पंप त्याने अडायचा आणि कामगार वैतागायचे. पण कापलं-भाजलं की तेच कामगार तो साका जखमेवर चोपडायचे. चेझब्रो नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने ते पाहिलं, साका शुद्ध केला आणि १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तीच ही जेली. "म्हणजे ग्रीसच की," बाबा म्हणाले, "मग आधीच सांगायचं. ग्रीस केलेलं काही गंजत नाही." त्या दिवसापासून ते पट्टीच्या वेळी "ग्रीसिंग झालं का?" असं विचारू लागले.

आईची हळद मात्र मला आवरावी लागली, आणि ते सोपं नव्हतं. हळदीच्या बाजूने तिच्याकडे माशेलकर होते. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं गेलं, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था त्याविरुद्ध उभी राहिली, आणि जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. तेव्हा वर्तमानपत्रातलं ते कात्रण आईने शिवणाच्या डब्यात ठेवलं होतं. अजून आहे. पण ते भांडण वेगळं होतं. हळदीचा गुण आपल्याला आधीपासून ठाऊक होता, तो कुणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं. फोडणीच्या डब्यातली, रोज ओला चमचा जाणारी हळद टाक्यांवर दाबावी असं काही माशेलकर म्हणाले नाहीत. शिवाय पिवळ्या लेपाखाली कडा दिसेनाशा होतात, आणि पाहणं हेच तर मुख्य काम. आई दोन दिवस अबोल होती. मग हळद दुधातून गेली, तिथे माझी हरकत नव्हती. लहानपणी गुडघा फुटला की मुलं दगडी पाला चुरगळून लावायची, तेही तिने आठवण करून दिलं. त्या पाल्याने रक्त थांबायचं, हे मी स्वतः पाहिलंय. पण तेव्हा टाके नसायचे, आणि वय आठ असायचं.

सहाव्या दिवशी सहाव्या टाक्याशी मुगाएवढा पिवळा फोड दिसला. मी हाताची मागची बाजू लावली. गरम. पावसात रिक्षा मिळेना, शेवटी शेजारच्या मुलाने गाडी काढली. डॉक्टरांनी पाहिलं, फक्त तो एक टाका कापून काढला, फोड दाबून साफ केला, आणि म्हणाल्या, दोऱ्यालाच शरीर कधी कधी असं परकं मानतं, बाकी ओळ छान आहे. उरलेले आठ टाके जागच्या जागी. घरी येऊन आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखते. सलग टीप असती तर?

मग जेवणाचा प्रश्न. जखम भरायला प्रथिनं लागतात, डॉक्टर म्हणाल्या, रोज दोन अंडी द्या. ती दहा-बारा दिवस चालली. पुढे श्रावण लागला आणि अंडी बंद. आईने मटकीची, मुगाची, चवळीची उसळ फिरवून फिरवून केली, त्यावर माझी तक्रार नाही. तक्रार लिंबावर होती. "आंबट नको, जखम पिकेल," म्हणून तिने पहिल्याच दिवशी लिंबू, दही, चिंच, टोमॅटो सगळं बंद केलं होतं. बाबा लिंबाशिवाय वरण-भात खाऊ शकत नाहीत. बिचारे मुकाट गिळत होते.

एका रात्री जेवताना मी त्यांना कमोडोर अ‍ॅन्सनच्या जहाजावरची गोष्ट सांगितली. १७४० मध्ये हा इंग्रज दर्यावर्दी पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला. महिनोन् महिने ताजी भाजी नाही, फळ नाही, खलाशांना स्कर्व्ही झाला आणि ते शेकड्यांनी मेले. त्यांत एक म्हातारा होता. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० मध्ये, आयर्लंडमधल्या बॉइनच्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. केव्हाच भरलेल्या, वण झालेल्या. त्या जहाजावर उकलल्या. जणू कधी भरल्याच नव्हत्या. एके काळी मोडून जुळलेलं त्याचं हाडही परत सुटलं.

आईचा घास हातात राहिला. "पन्नास वर्षांनी?"

कारण वण हा एकदा लावून मोकळं व्हायचा गिलावा नाही. त्यातलं कोलॅजेन, म्हणजे ज्या चिवट धाग्याने शरीर भगदाड विणतं तो धागा, सतत झिजत आणि नव्याने विणला जात असतो. विणायला क जीवनसत्त्व लागतं, ते माणसाला स्वतःच्या शरीरात बनवता येत नाही, खावं लागतं. ते मिळेनासं झालं की उसवण सुरू, आणि वणात ती आधी दिसते. पुढे १७४७ मध्ये जेम्स लिंडने खलाशांना संत्री-लिंबू देऊन पाहिलं आणि ते उठून उभे राहिले.

बाबांनी डाव्या हाताची तर्जनी दिव्याकडे धरली. पेरावर पांढरी, चमकदार रेघ आहे तिथे, लेथवरून उडालेल्या तापल्या किसाची, १९७८ सालची. बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे हे काम अजून चालूच आहे," म्हणाले. "रनिंग मेंटेनन्स."

आईने उठून लिंबाची फोड आणली. अर्धीच. एकदम सगळं मान्य करायची तिची पद्धत नाही.

त्या रात्री निजताना माझा हात नकळत माझ्या पोटाकडे गेला. मुलगा सतरा वर्षांचा झाला, म्हणजे त्या टाक्यांनाही सतरा वर्षं झाली. ओटीपोटावरची आडवी, बारीक, हसऱ्या ओठांसारखी रेघ. पफानेनश्टील नावाच्या जर्मन डॉक्टरने १९०० मध्ये ही आडवी चीर सांगितली, ती कातड्याच्या ओढीच्या दिशेने जाते म्हणून एवढी छान मिटते. त्या दिवसांत सगळं घर बाळाभोवती होतं. डिंकाचे लाडू, शेपू, शेकशेगडी, मालीश करणारी मावशी, कशाची म्हणून कमी नव्हती. पण त्या रेघेकडे कुणी वाकून पाहिलं नाही, मीही नाही. तिच्यावरची बोटभर जागा अजून बधिर आहे. चिमटा काढला तर दाबल्याचं कळतं, दुखल्याचं नाही. चिरताना स्पर्श कळवणारे बारीक मज्जातंतू तुटतात आणि काही परत जोडले जात नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय. आभाळ भरून आलं की खाजते, तेव्हा मी स्वयंपाकघरात पाठमोरी होऊन खाजवते. बाबांच्या नडगीसाठी विजेरी, वाद, दोन शास्त्रं आणि अ‍ॅन्सनचं जहाज. बरंच झालं म्हणा. पण मनात आलं खरं.

चौदाव्या दिवशी टाके निघाले. चिमट्याने गाठ उचलायची, कातड्यालगत एका बाजूला कापायचं आणि ओढायचं, म्हणजे बाहेर मळलेला दोरा आतून जात नाही. बाबांनी मान डोलावली. जास्त दिवस ठेवले असते तर कातडं दोऱ्याच्या कडेने आत वाढून आडवे ठिपके उमटले असते, डॉक्टर म्हणाल्या, रेल्वेच्या रुळांसारखे. बाबा खूश झाले. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी जिथे आली, त्या गावच्या माणसाच्या पायावर रूळ असायला त्यांची काही हरकत नव्हती.

मग मी तो आकडा सांगितला आणि पस्तावले. टाके निघतात तेव्हा जखमेत मूळ कातड्याच्या जेमतेम पाच-दहा टक्के ताकद असते. तिसऱ्या आठवड्यात वीसेक. तीन महिन्यांत ऐंशीपर्यंत जाते आणि तिथेच थांबते. शंभर कधीच नाही. बाबांना हे झोंबलं. "चांगलं वेल्डिंग मूळ पत्र्यापेक्षा मजबूत असतं," म्हणाले. "पत्रा फाटेल, जोड नाही." मी म्हटलं, शरीराला तेवढा वेळ नसतो, त्याला आधी भोक बुजवायचं असतं. त्यावर दिवसभर गप्प.

आणि या पाच-दहा टक्क्यांच्या आठवड्यात ते पाण्यात उतरले. टाके निघून चार दिवस झालेले, दुपारी तुफान पाऊस, वंदना एसटी स्टँडच्या बाजूला गुडघाभर पाणी, आणि हे "कोपऱ्यावरून येतो" म्हणून गेलेले. परत आले तेव्हा लेंगा मांडीपर्यंत भिजलेला. मी ओरडले. एरवी वडिलांवर आवाज चढवत नाही मी. जखमेचं पाणी मला भिववत नव्हतं, रस्त्यावरचं पाणी भिववत होतं. उंदरांचं मूत त्यात मिसळतं आणि पायाला ओरखडा जरी असला तरी लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा, जंतू आत शिरतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा, बाबा असेच वागळे इस्टेटहून कमरेएवढ्या पाण्यातून चालत आले होते. पाठोपाठ शहरभर लेप्टोची साथ आली. तेव्हा नशीब. या वेळी साबण, भरपूर स्वच्छ पाणी, कोरडी पट्टी, डॉक्टरांना फोन, त्यांनी लिहून दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या. काही झालं नाही. पण दहा दिवस मी रोज सकाळी त्यांच्या डोळ्यांत पिवळेपणा शोधत होते.

महिना उलटल्यावर मालीश सुरू झालं. कडा पूर्ण मिटल्यावरच, आधी नाही. बोटाच्या पेराने जरा दाब देऊन गोल गोल, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं, म्हणजे वण खालच्या हाडाला चिकटून बसत नाही. शेवटी हाताला करायला काहीतरी मिळालं! वण तेव्हा जांभळट, टणक, जरा उचललेला होता. सुरुवातीचे दोन-तीन महिने तो असा दिसतोच, मग वर्षभरात बसत जातो. जखमेच्या हद्दीबाहेर पसरायला लागला तर ते केलॉइड, ते आपल्या रंगाच्या लोकांत जास्त, कानाच्या पाळीवर, छातीवर, खांद्यावर. नडगीवर सहसा नाही. उन्हाने वण कायमचा काळवंडतो म्हणून उघड्या जागी सनस्क्रीन लावतात, पण बाबांच्या लेंग्याने ते काम फुकटात केलं.

मालीश करताना त्यांचे दोन्ही हात माझ्या समोर मांडीवर ठेवलेले असायचे. एवढ्या जवळून मी ते कधी पाहिले नव्हते. किसाची ती तर्जनी. अंगठ्याचं दुभंगून उगवलेलं नख. मनगटावर उकळत्या कूलंटचे तीन गुलाबी ठिपके. कारखान्याच्या गेटपासवर "शरीरावरील ओळखखूण" असा रकाना होता, त्यात लिहिलेलं: डाव्या तर्जनीवर वण. "नोकरीला लागलो तेव्हा रकाना रिकामा होता," बाबा म्हणाले. "क्लार्क म्हणाला, काहीतरी लिहायला हवं. मी म्हटलं, थांबा, मिळेल." आईच्या दंडावर देवीच्या लशीचे दोन गोल आहेत, माझ्या दंडावर बीसीजीचा एक. देवीची लस आता आपल्याकडे कुणाला टोचत नाहीत, १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीरच झालं. त्या दोन गोलांवरून आता नुसतं वय ओळखता येतं.

दिवाळी पहाटेला तलावपाळी गजबजते हे ठाणेकरांना सांगायला नको. राम मारुती रोडपासून सगळी तरुण पोरं नटून-थटून, ढोल, गाणी, सेल्फी. बाबांना त्या गर्दीत जायचंच होतं, साडेतीन महिन्यांत कट्ट्यावर नीटसे गेले नव्हते. मी दंड धरून नेलं. तीच फूटपाथ, तीच उतरायची जागा. तिथे त्यांनी पाय आधी टेकवून पाहिला, मग उतरले.

कट्ट्यावर चहा आला. शेजारचे काकाही होते. कुणीतरी विचारलं, काय हो, पाय कसा आहे? बाबांनी नवाकोरा लेंगा गुडघ्यापर्यंत वर ओढला. पहाटेच्या दिव्यात ती रेघ जांभळी आणि तुकतुकीत दिसत होती, मधे सहाव्या जागी एक खळगा.

"केवढं लागलं होतं हो," काका म्हणाले. "किती टाके?"

बाबांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"अकरा," म्हणाले.

मी तलावाकडे पाहत राहिले.